साहेब रस्त्यात आहेत

चैत्र सरत आला, कडुनिंबाचा मोहोर गळून अंगणभर पसरला की आमच्या घरी लग्नपत्रिका यायला लागतात. लातूरचं ऊन तोवर चांगलंच तापलेलं असतं. नऊनंतर ओट्यावर बसवत नाही, म्हणून मी साडेसातलाच चहाचा कप घेऊन बसतो आणि फाटकाकडे बघत राहतो. पूर्वी पत्रिका पोत्यानं यायच्या. आता आठवड्याला चार-पाच येतात, त्यातली एखादी शेजारच्यांची असते आणि चुकून आमच्या फाटकात पडलेली असते. सुशीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, त्या उचलून आणते आणि म्हणते, "घ्या, माजी आमदारांची सुगी आली."

'माजी' या शब्दावर ती जरा जोर देते. पूर्वी तो मला लागायचा. आता मी चहा पिता पिता हसतो.

पत्रिका हातात आली की मी आधी वधूवरांची नावं वाचत नाही, हे कबूल करून टाकतो. आधी स्वतःचं नाव शोधतो. आमच्या भागात पत्रिका निम्मी लग्नाची आणि निम्मी सभेची असते. वर देव, मग वधूवर, आणि खाली 'प्रमुख उपस्थिती' म्हणून मंत्र्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे. एके काळी मी तिथं पहिल्या ओळीत, जाड ठशात, फोटोसकट असायचो. पडलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फोटो गेला. मग दुसऱ्या ओळीत सरकलो, मग कंसात 'माजी' लागलं, आणि आता तर बहुतेक जण वरच्या कोपऱ्यात नुसतं पेनानं लिहितात, 'मा. साहेब, सहकुटुंब.' खरं सांगायचं तर छापलेल्या नावापेक्षा हे पेनानं लिहिलेलं मला बरं वाटतं. तेवढ्यापुरती तरी कुणाला तरी माझी आठवण झालेली असते.

दोन वेळा आमदार होतो मी. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरचा माझा भाग. राजकारणात आलो तो काही फार मोठा विचार करून नाही. गावात मोटारसायकल असलेला आणि तहसीलला अर्ज लिहिता येणारा मी एकटाच होतो. लोक मागच्या सीटवर बसायचे, रस्ताभर आपलं गाऱ्हाणं सांगायचे, आणि तहसीलसमोरच्या लिंबाखाली बसून मी ते कागदावर उतरवायचो. त्या अर्जांनी मला सरपंच केलं, मग पंचायत समितीत नेलं, आणि एक दिवस मुंबईत, विधानसभेत उभा राहून मी आमच्या ओढ्यावरच्या पुलाबद्दल बोलत होतो. पूल झाला. आज त्या पुलावरून रोज माणसं जातात, आणि मी सभागृहात काय बोललो ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. कुणाच्या लग्नाला आलो नाही, ते मात्र गावच्या गावं तोंडपाठ सांगतात.

म्हणून लग्नं करायची. म्हणजे इतरांची. दाट तिथीला एका दिवसात पंधरा-सोळा. सकाळी निघायचं ते तिन्हीसांजेला घरी यायचं. गाडीत पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोजचे पुडे, आणि पुढच्या सीटवर आमचा पीए माधव, मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा घेऊन. त्याचा फोन सतत वाजायचा आणि तो सगळ्यांना एकच वाक्य सांगायचा, "साहेब रस्त्यात आहेत, दहा मिनिटांत पोचतात." मी न्हाणीघरात असलो तरी रस्त्यात असायचो. तिसऱ्याच गावात जेवायला बसलो असलो तरी दहा मिनिटांत पोचत असायचो. माधव खोटं बोलतो असं मला कधी वाटलं नाही. ती आमच्या कामाची रीतच होती.

आणि रीत मांडववाल्यांचीही होती. साहेब आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. मुहूर्त बारा पस्तीसचा असो की एक दहाचा, भटजींनी कितीही घड्याळाकडे बोट दाखवो, ज्याचं नाव पहिल्या ओळीत तो आला पाहिजे. तो आला की आधी सत्कार. फेटा, शाल, नारळ. लहान गावात टॉवेल-टोपी. मग दोन शब्द. ते दोन शब्द कधी दोन नसतात. तोवर नवरदेव कोटात उकडून निघतो, नवरी आतल्या खोलीत पंख्याखाली बसून राहते, म्हातारी माणसं पदरानं वारा घेतात, शिरा गार होतो. हे सगळं माझ्यासाठी थांबलंय याचं मला तेव्हा सुख वाटायचं. लाज वाटत नव्हती.

टॉवेल-टोप्यांचं सांगायचं राहिलं. घरी ट्रंका भरल्या होत्या. सुशीलानं त्या टॉवेलांच्या गोधड्या शिवल्या, बाळंतिणींना दिल्या, तरी संपेनात. अजूनही आंघोळीला गेलो की अंग पुसता पुसता मला प्रश्न पडतो, हा कुणाच्या लग्नातला? आठवत काहीच नाही. इतक्या लग्नांतली एक नवरी, एक नवरदेव मला चेहऱ्यानं आठवू नये, याचं आता नवल वाटतं.

एक मात्र आठवते. महानंदा. सावरगावच्या काशिनाथ आप्पांची थोरली मुलगी. आप्पांचं गावात किराणा दुकान, महादेवाचे निस्सीम भक्त, कपाळावर भस्माचे पट्टे असल्याशिवाय दुकानाचं शटर वर करायचे नाहीत. माझ्या पहिल्या निवडणुकीत त्यांनी दुकानासमोर माझा फलक लावला तो पाच वर्षं काढला नाही. अशा माणसाच्या घरचं लग्न चुकवणं शक्यच नव्हतं.

तो माझ्या दुसऱ्या खेपेचा शेवटचा उन्हाळा. मे महिना, झळा अशा की गाडीची काच वर केली तरी हात भाजावा. सावरगाव त्या दिवशी यादीत पाचवं होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा, मी पोचलो पावणेदोनला. मांडवात गेलो तशी बसलेली माणसं उभी राहिली, बँड वाजला, आप्पांनी धावत येऊन मला फेटा बांधला. फेटा सैल झाला म्हणून परत सोडून बांधला. मग माइक माझ्या हातात आला.

समोर बायका खूप होत्या. बायका दिसल्या की माझं एक ठरलेलं भाषण होतं, मुलींच्या शिक्षणावर. ते मी त्या दिवशी फार रंगून केलं. आमच्या भागातल्या मुलींनी शिकलं पाहिजे, पदवी घेतली पाहिजे, लग्न झालं म्हणून पुस्तक मिटता कामा नये, असं मी पंचवीस मिनिटं सांगत होतो. टाळ्या पडल्या. अक्षता पडल्या तेव्हा अडीच वाजायला आले होते.

आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेलो. महानंदा पाया पडायला वाकली आणि वाकूनच म्हणाली, "साहेब, माझा पेपर व्हता."

मला रोज पन्नास माणसं काहीतरी सांगायची. कुणाचा ट्रान्सफॉर्मर, कुणाची बदली. माझं उत्तर जिभेवर तयार असायचं. मी म्हणालो, "हो हो, काळजी करू नको. माधव, लिहून घे रे." आणि खाली उतरलो. माधवनं खरंच लिहून घेतलं.

गाडी गावाबाहेर आली तेव्हा आमचा ड्रायव्हर खय्युम म्हणाला, "साहेब, एक सांगू का? त्या नवरीचा दोन वाजता पेपर होता. बीएस्सीच्या शेवटच्या सालाचा शेवटचा पेपर."

"आज? लग्नाच्या दिवशी?"

"पत्रिका छापल्यावर टाइमटेबल बदललं म्हणे. तालुक्याच्या कॉलेजात, बारा किलोमीटर. अक्षता पडल्या की तशीच जीपमध्ये बसून जाणार होती. मांडवामागं जीप उभीच होती, मी त्या जीपवाल्याजवळच थांबलो होतो. अर्धा तास उशीर झाला तरी आत घेतात म्हणत होता तो."

मी घड्याळ बघितलं. दोन पस्तीस. मी पोचल्याबरोबर अक्षता पडल्या असत्या, तर ती वेळेत पोचली असती. सत्कार आणि माझं भाषण, एवढ्यात तिचा पेपर गेला होता.

"सासरचे काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते म्हणाले, आता राहू दे तो पेपर, परत कशाला द्यायचा."

इथं मी गाडी फिरव म्हणायला हवं होतं. कॉलेजात जायला हवं होतं, निदान त्या मुलीपुढं उभं राहून चुकलो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पुढचं गाव कोणतं?" माधवनं गठ्ठ्यातून सहावी पत्रिका काढली.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत घरापुढं गाड्या होत्या, चार वाजता खय्युमशिवाय कुणी नव्हतं. वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? आठ दिवस जेवण गेलं नाही. पण नवव्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो आणि जाग आली तेव्हा पाच वाजले होते. कुणी उठवलं नव्हतं. फोन वाजला नव्हता. अंगणात चिमण्यांचा कालवा चालला होता, आणि आपल्या घरी चिमण्या आहेत हे मला दहा वर्षांनी कळलं. सुशीला चहा घेऊन आली आणि म्हणाली, "घोरत होता तुम्ही." किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. पाठीवर आहे हेच विसरून गेलेलं ओझं उतरलं होतं.

एकच गोष्ट उतरली नव्हती. गावनिहाय मतांचा कागद आला तेव्हा मी आधी सावरगाव बघितलं. त्यांनी मला झाडून पाडलं असेल, आणि ते बरंच झालं असेल, असं मनात होतं. पण सावरगावनं मला नेहमीसारखंच पुढं ठेवलं होतं. तो कागद मी घडी करून ठेवून दिला. त्यानंतर सात वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो नाही. उदगीरला जायचं तरी वळसा घालून जायचो. तिचं पुढं काय झालं हे एका फोनवर कळलं असतं. पण पुस्तक मिटलं असं कुणी सांगितलं तर काय करायचं, या भीतीनं फोन केला नाही. मुलींच्या शिक्षणावरचं ते भाषणही मी पुन्हा कुठं केलं नाही.

यंदा चैत्रातच, सकाळच्या वेळी, फाटकापाशी एक रिक्षा थांबली आणि काशिनाथ आप्पा उतरले. केस पांढरे झालेले, कपाळावर भस्म तसंच. मी कप खाली ठेवून उठलो. धाकटीचं लग्न काढलं होतं. त्यांनी मला कुंकू लावलं, पत्रिका दिली आणि चाचरत म्हणाले, "साहेब, राग मानू नका. पत्रिकेवर तुमचं नाव न्हाई. कुनाचंच न्हाई. आमची थोरली म्हनली, आप्पा, ह्या बारीला फकस्त देवाचं आन घरच्यांचं नाव छापायचं."

थोरली. मला विचारायचं होतं, थोरली काय करते? तोंडातून निघालं ते, "पाणी घ्या, आप्पा."

ते गेल्यावर मी सुशीलाला म्हणालो, बघू जमलं तर. ती धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सात वर्षं वळसे घालताय. पेट्रोल महाग झालंय आता. जाऊन या सरळ." तिला ठाऊक होतं तर. मीच एकटा समजत होतो की ते फक्त मला ठाऊक आहे.

लग्नाच्या दिवशी मी अकराला सावरगावात होतो. मुहूर्त बारा चाळीसचा. मांडवात खुर्च्या पुसणं चाललं होतं. एकानं मला ओळखलं आणि बावरून गेला. मी इतक्या लवकर आलो म्हणजे काहीतरी वाईट घडलं असावं असं त्याला वाटलं. मी मागच्या रांगेत पंख्याजवळ बसलो. स्वयंपाकाच्या बाजूनं वांग्याच्या भाजीचा वास येत होता, आचारी बुंदी पाडत होता, लहान पोरी रंगवलेली ज्वारी पुड्यांत भरत होत्या. आमच्याकडं अक्षतांना ज्वारीच असते. लग्नघर लग्नाआधी इतकं सुंदर दिसतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पोचायचो तोवर सगळे दमून गेलेले असायचे.

बारा चाळीस झाले. नवरानवरी पाटावर उभी राहिली, अंतरपाट धरला. आणि अक्षता थांबल्या. नवरदेवाच्या मामानं आत्ताच्या आमदारांना बोलावलं होतं. तो फोन कानाला लावून म्हणत होता, "थांबा थांबा, साहेब रस्त्यात हायेत. पीए बोलला, धा मिन्टात येतेत."

एक वाजला. आप्पा घामानं निथळत स्टेजवरून उतरले. व्याह्यांना दुखवता येईना, मुहूर्त हातचा चाललेला. त्यांच्या मागोमाग निळ्या साडीतली एक बाई उतरली. मी तिला लगेच ओळखलं. महानंदा वडिलांना म्हणत होती, "आप्पा, माझ्या येळंला थांबलात. आता न्हाई थांबायचं."

"पावन्याला काय सांगू, बाई?" आप्पा म्हणाले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. ते सरळ माझ्याकडे आले. "साहेब, तुमीच सांगा. किती टाइम लागंल त्यान्ला?"

महानंदाही बघत होती. मी उठलो, त्या मामापाशी गेलो.

"पाहुणे," मी म्हणालो, "मी दहा वर्षं हेच केलंय. दहा मिनिटं म्हणजे मधे अजून दोन लग्नं आहेत. तुम्ही थांबला नाहीत तर त्यांना राग येणार नाही, कारण त्यांना कळणारच नाही. मला कधी कळलं नाही. अक्षता टाकून घ्या."

मामानं फोन खिशात घातला आणि हात वर करून भटजींना म्हणाला, "चला, म्हना मंगलाष्टका."

ज्वारी हवेत उडाली, अंगावर पडली, कॉलरमधून आत गेली. बँड सुरू झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मंगलाष्टका ऐकल्या. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसल्या नाहीत. पण थोरलीचं पुढं काय झालं ते अजून कळलं नव्हतं. गर्दी पांगली तशी महानंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागं आप्पा होते.

"महानंदा," मी म्हणालो, "तो पेपर..."

"दिला की. दिवाळीनंतर परत परीक्षा झाली तवा. सासरे नगं म्हनत व्हते. ह्यांनी फॉर्म भरला आन मला मागं बसवून घेऊन गेले. आता बिलोलीला हाय मी, सरकारी दवाखान्यात. लॅबमधी रक्त तपासते."

मी खुर्चीचा हात धरून खाली बसलो. बरं वाटलं. बिलोली, दवाखाना, लॅब, हे शब्द मी मनातल्या मनात परत परत म्हणत होतो. मग म्हणालो, "तरी त्या दिवशी माझं चुकलं. फार चुकलं."

"आसं कसं म्हनता साहेब?" आप्पा लगेच पुढं झाले. "तुमी आला म्हनून मांडवाला शोभा आली व्हती."

हेच. दहा वर्षं प्रत्येक माणूस मला हेच म्हणत आला. कुठंही काहीही बिघडवलं तरी, नाही साहेब, तसं काही नाही. म्हणून मला कधी माफी मागायची वेळच आली नाही, आणि कुणाला ती द्यायचीही.

"आप्पा, थांबा तुमी," महानंदा म्हणाली. शेजारची खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली. "हाव साहेब. चुकलं तुमचं. मी आत मुंडावळ्या बांधून घड्याळ बघून राहिले व्हते, आन भाईर माइकवर तुमी पोरींनी शिकावं म्हनून सांगत व्हता. लई राग आला व्हता मला. सासरी जाताना जीपमधी रडले. तिथं गेल्यावर रडले. दोन वरीस तुमचा फोटू दिसला तरी तोंड फिरवायचे मी."

ती हे शांतपणे सांगत होती. मला मान खाली घालावीशी वाटली नाही. तिच्या एकेका वाक्यासरशी छाती मोकळी होत होती.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजले. धुरळा उडवत चार गाड्या आल्या, आत्ताचे आमदार पोचले होते. सगळा मांडव उठला, मामा धावला, आप्पा फेटा हातात घेऊन धावले. मीही सवयीनं खुर्चीतून अर्धा उठलो.

"बसा," महानंदा म्हणाली. "माझं सांगून व्हायचंय अजून."

मी बसलो.